कॅन्डिडेटसाहेब आणि बांबूची काटा-सुरी

एकट्या माणसाकडे किस्से फार साठतात बघा. चारचौघांत राहणाऱ्याचं काय, घडलं की लगेच सांगून मोकळा! माझं तसं नव्हतं. ज्या दीड वर्षातले हे किस्से आहेत, त्या दीड वर्षात सांगायला माणूसच नव्हतं. मग ते साठत गेले. आता तुम्ही मंडळी चहा घेऊन बसलाच आहात आणि पळून जाण्याइतके गुडघे कुणाचेच धड नाहीत, तेव्हा ऐका.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. हायस्कूल महाडला. शाळेसाठी मी महाडात भाताच्या गिरणीच्या माळ्यावर एकटा राहायचो. हातानं भात शिजवायचा, खायचा, अभ्यास करायचा. शनिवारी दुपारी एस.टी.नं पोलादपूर आणि तिथून दीड तास चढण. रविवारी संध्याकाळी परत माळ्यावर. खाली गिरणी चालू असली की माळा थरथरायचा. ती बंद झाली की मला करमायचं नाही!

*

सुरुवात झाली ती पेठे सरांच्या तासाला. पेठे सर आम्हांला इंग्रजी शिकवायचे. एक दिवस कसलासा सरकारी कागद घेऊन वर्गात आले आणि म्हणाले, "खडकवासल्याला कोणाकोणाला जायचंय?"

सगळ्या वर्गाचे हात वर! सगळ्या म्हणजे सगळ्या. एकानं तर विचारलंसुद्धा, "सर, डबा घरून आणायचा का?"

पोरांना वाटलं, धरण बघायला सहल चालली आहे.

सर म्हणाले, "अरे गाढवांनो, सहल नव्हे! तिथं लष्करी अधिकारी तयार करतात. परीक्षा द्यावी लागते. पेपर इंग्रजीत. मुलाखत इंग्रजीत."

इंग्रजी म्हटल्याबरोबर हात धडाधड खाली. माझा एकट्याचा वर राहिला. देशप्रेम वगैरे काही नव्हतं हो, खोटं कशाला सांगू. आमचे बाबा लष्करातून आलेले, गाव त्यांना हवालदार म्हणायचं. हवालदाराच्या पोरानं हात खाली कसा घ्यायचा? लाज वाटली, एवढंच.

सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "तू डोकं खाजवत नाहीयेस ना?"

त्या दिवसापासून वर्गातली पोरं मला खेळायला बोलवायची बंद झाली. मी मैदानाकडे आलो की कुणीतरी म्हणायचं, "कर्नलला अभ्यास असेल, जाऊ द्या त्याला." मला अभ्यास नसायचा. पण मी जायचो.

*

सरांनी पहिलाच हुकूम काढला, "रोज एक तास इंग्रजीत मोठ्यानं बोलायचं."

मी म्हटलं, "कोणाशी, सर?"

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "माझ्याशी म्हणशील तर मीही वाचूनच शिकलोय रे. आजवर कुणाशी इंग्रजीत बोललो नाही. तू आपला कुणाशीही बोल."

आता महाडात 'कुणाशीही' म्हणजे कुणाशी? मी सावित्री नदीच्या काठावर जायला लागलो. शाळा सुटली की तिथं म्हशी डुंबत असायच्या. त्या काय, ऐकून घ्यायच्या. मी त्यांना माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं, भारताची पंचवार्षिक योजना समजावून सांगितली. एक शिंगमोडी म्हैस तर माझ्याकडे टक लावून बघायची. तिला मी वादविवादात प्रतिपक्ष धरायचो. तुम्ही हसताय, पण त्या दिवसांत माझ्या तोंडाकडे बघून ऐकणारं जगात दुसरं कोणी नव्हतं.

पलीकडे धुणं धुणाऱ्या बायका हे आठवडाभर बघत होत्या. आठव्या दिवशी एकीनं दुसरीला सांगितलेलं मी कानांनी ऐकलं, "गो, ह्या पोराला गोऱ्या सायबाचं भूत लागलंय!"

आणि काय सांगू, कुणीतरी खरोखर भगत आणला की हो! भगत म्हणजे भूत उतरवणारा. तो लिंबू, राख घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि ओरडला, "बोल! कोन हायस तू?"

माझा तास चालू होता. तासात मराठी बोलायचं नाही, असा सरांचा नियम. मी ताठ उभा राहून सांगितलं, "आय ॲम अ कॅन्डिडेट!"

भगत मागं वळून बायकांना म्हणाला, "बघा! नाव सांगितलान त्यानं! कंडिडेटसाहेब!"

पुढं कित्येक अमावास्यांना त्या काठावर कॅन्डिडेटसाहेबाच्या नावानं नारळ ठेवलेला मी पाहिला आहे. दोनदा खाल्लाही आहे.

*

सरांचा दुसरा हुकूम पळण्याचा. महाडात पळायला लाज वाटायची, म्हणून मी रविवारी सकाळी वाडीवरून पळायला लागायचो. खाली हमरस्त्यापर्यंत, तिथून कशेडीच्या बाजूला दोन मैल आणि परत.

पहिल्याच रविवारची गोष्ट. आमच्याकडे डोंगरात बिनकामाचा कोणी पळत नाही. सकाळी सकाळी पोरगा पळत निघाला म्हणजे तो एकाच कामाला निघालेला असतो: कोणीतरी गेलंय, आणि तो पुढच्या वाड्यांना सांगायला चाललाय!

वाटेत येसूबाई गवताचा भारा घेऊन येत होती. तिनं मला पाहिलं, भारा टाकला आणि विचारलं, "कोन गेला रं?"

मी धापा टाकत म्हटलं, "कोन नाय!" पण तोवर पुढं गेलो होतो. तिला फक्त 'कोन' ऐकू गेलं असावं. तिनं तिथंच गळा काढला.

मी कशेडीकडून पळत घरी येतो तर अंगण माणसांनी भरलेलं! तीन वाड्यांचे लोक. एकानं तर तिरडीचा बांबूही तोडून आणलेला. मधोमध आमचे बाबा बसलेले, आणि लोक त्यांना हळूच विचारतायत, "हवालदार, पन कोन?"

बाबा म्हणाले, "कोन नाय रे बाबांनो. पोरगा ऑफिसर व्हायला पळतोय."

बांबू आणणारा माणूस कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "मग येवढ्या घाईनं कशाला? सावकाश व्हायचं!"

माणसं गेली. बांबू मात्र राहिला. तिरडीचा म्हणून तोडलेला बांबू परत आपल्या घरी कोण नेणार? तो आमच्या गोठ्याला टेकून पडला. त्याचं पुढं काय झालं ते सांगतो, पण आधी फॉर्मचं सांगायला हवं.

*

फॉर्ममध्ये पहिली भानगड जन्मतारखेची. शाळेच्या रजिस्टरात माझा जन्म एक जूनचा. माझा कशाला, आमच्या बाजूच्या सगळ्याच पोरांचा! पहिलीत नाव घालताना गुरुजींनी सरसकट एक जून टाकून दिलेला. पेठे सर एकदा रजिस्टर बघून म्हणाले होते, "तुमच्याकडची मंडळी पेरणीच्या आत सगळं उरकून घेतात वाटतं!"

हसण्यावारी न्यायचं तर न्या, पण एक जून धरला तर माझं वय एकाच परीक्षेपुरतं बसत होतं. नापास झालो तर संपलं, दुसरा चान्स नाही. आई रविवारी ऐकून भडकलीच. "गौरी आल्या त्या दिशी झालास तू. जून कसला? मी व्हते ना तिथं!"

मी सोमवारी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "आई तिथं होती हे खरं. पण रजिस्टर नव्हतं."

तेव्हा एकच चान्स.

दुसरी भानगड वडिलांच्या व्यवसायाची. बाबांचं डिस्चार्ज बुक देवाच्या फळीवर लाल फडक्यात बांधलेलं असायचं. गावातल्या कुणी ते उघडून पाहिलं नव्हतं आणि पाहिलं असतं तरी वाचलं नसतं, इंग्रजीत होतं. आमच्या घरात ते वाचता येणारा पहिला माणूस मी!

मी फडकं सोडलं. बाबा अंगणात दोर वळत होते. मी वाचलं, पुन्हा वाचलं आणि दारातून म्हटलं, "बाबा, इथं हवालदार नाय लिवलेलं. मेस वेटर लिवलंय."

बाबांनी दोर वळणं थांबवलं नाही. म्हणाले, "हळू वाच."

मी आत जाऊन पुस्तक पुन्हा फडक्यात बांधलं. गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये आमचे बाबा अकरा वर्षं ताटं वाढत होते, आणि गाव त्यांना लढाईच्या गोष्टी विचारत होतं. मला त्यांचा राग आला नाही. फक्त आता हे आम्हां दोघांनाच माहीत होतं आणि आम्ही दोघंही त्याबद्दल बोलणार नव्हतो.

सरांनी रकान्यात लिहिलं, 'लष्करातून निवृत्त'. लिहून झाल्यावर टीपकागद दाबत म्हणाले, "खोटं नाही ना? बस्स."

*

मला वाटलं होतं, आता बाबा या विषयाचं नाव काढणार नाहीत. पुढच्या शनिवारी घरी आलो तर बाबांनी त्या गोठ्याकडच्या बांबूतून सुरेख काटा आणि सुरी तासून ठेवलेली! आईला सांगितलं, दुसऱ्या बांबूची आहे. आईला खरं ठाऊक होतं. तिनं त्या दोन वस्तू चुलीजवळ कधी येऊ दिल्या नाहीत.

रविवारी बाबांनी आपली काळी लोखंडी ट्रंक ओढून ओटीवर आणली. ते झालं टेबल. पलीकडे पाटावर पाट ठेवून खुर्ची. डावीकडे काटा, उजवीकडे सुरी, मधे जर्मनचं ताट. ताटात नाचणीची भाकरी आणि सुकट!

"बस," बाबा म्हणाले. "ऑफिसरला पेपरात काय येतंय ते सर सांगतील. ऑफिसर जेवतो कसा, ते मी सांगतो."

आणि स्वतः खांद्यावरचा पंचा हातावर घेऊन माझ्या मागं उभे राहिले. वाढपी डावीकडून येतो, तेव्हा आपण उजवीकडं जरा कलायचं. ताट उजवीकडून उचलतात, तेव्हा डावीकडं. कोपर टेबलावर नाय. तोंडात घास असताना बोलायचं नाय. जेवण चालू असेल तर काटा-सुरी फाकवून ठेवायची. फाकवलेली असली की वाढप्यानं ताटाला हात लावायचा नाय, मग तास लागो. दोन्ही जोडून ठेवली, की साहेबांचं झालं.

मी पहिल्या दिवशी काट्यानं सुकट उचलता उचलता दमलो, आणि हाताला आराम म्हणून दोन्ही जोडून ठेवली. ताट गायब!

आई चुलीपासून ओरडली, "अवो, पोरगा अर्ध्या भाकरीवर हाय! ताट कुठं नेताय?"

बाबा शांतपणे म्हणाले, "साहेबांनी काटा-सुरी जोडलीन. साहेबांचं झालं."

त्या दिवशी मी उपाशीच एस.टी.त बसलो.

वर्षभर दर रविवारी हे चाललं. आई-बाबा नंतर चुलीपुढं मांडी घालून, एकमेकांना भाकरी मोडून देत जेवायचे. मी ओटीवर ट्रंकेपुढं एकटा जेवायचो. आठवडाभर माळ्यावर एकटं जेवून मी घरी यायचो ते काय यासाठी? एकदा म्हटलंही, "बाबा, आज मी तुमच्यात बसतो." बाबा म्हणाले, "आजच बसशील, तर उद्या तिथं बसता यायचं नाय." आणि मागं जाऊन उभे राहिले. मला रडू येत होतं, पण तोंडात घास होता.

*

लेखी परीक्षा पास झालो. निवड मंडळाचं बोलावणं आलं. एस.टी., मग रेल्वे, मग दुसरी रेल्वे. तिथं सगळी मुलं बूटवाली, फाडफाड बोलणारी. आम्हांला छातीवर लावायला नंबर दिले. साहेबानं हाक मारली, "कॅन्डिडेट नंबर नाइन!" आणि मी दचकलो. मला वाटलं, आमचं सावित्रीचं भूत इथंही पोचलं!

जेवायला मोठ्या मेसमध्ये नेलं. मुलांत कुजबुज होती की जेवतानाही मार्क देतात. बाजूचा बूटवाला काटा उलटा धरून बसला होता. वाढायला म्हातारा वेटर होता, पांढऱ्या मिशांचा, आमच्या बाबांच्या वयाचा. तो डावीकडून आला, मी उजवीकडं कललो. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. जेवून मी काटा-सुरी जोडली. ताट उचलताना तो हळूच म्हणाला, "किसने सिखाया, साहब?"

"बाप ने."

"कौन से मेस में खाते थे?"

मी म्हटलं, "खाते नहीं थे."

तो ताट घेऊन गेला आणि पुडिंगची वाटी आणून ठेवली. मग दुसरी आणून ठेवली. बाकीच्यांना एकेकच होती!

दुसऱ्या दिवशी मुलाखत. साहेबांनी फॉर्म बघून विचारलं, "वडील लष्करात होते? काय काम करत?"

'हवालदार' असा शब्द जिभेवर आला होता. देवाशप्पथ आला होता. पण त्या दोन वाट्या पुडिंग खाल्ल्यावर तो बाहेर निघेना. मी म्हटलं, "मेस वेटर, सर." दारातून बाबांना वाचून दाखवला होता, त्यानंतर तो शब्द मी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला.

साहेबांनी विचारलं, "तू अधिकारी होऊन त्यांच्यासमोर गेलास, तर ते काय म्हणतील?"

मी म्हटलं, "ही विल से, सिट स्ट्रेट, सर."

साहेब मोठ्यानं हसले. मी मात्र नकळत सरळ बसलो.

*

घरी आलो तर बाबा वाटेवरच उभे. पास-नापास काही नाही, पहिला प्रश्न, "डावीकडनं वाढलान का?"

"हो."

"आन उचललान?"

"उजवीकडनं."

"मग मेस बरी हाय," बाबा म्हणाले.

मी पुडिंगचं सांगितलं. ऐकून खूश झाले. मग विचारलं, "माझं काय इचारलं?"

मी म्हटलं, "विचारलं. मी खरं सांगितलं."

बाबा वळले आणि गोठ्यात गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या रविवारी ट्रंकही ओटीवर आली नाही. मी चुलीपुढं, आईच्या शेजारी मांडी घालून जेवलो. वर्षभर जे मागत होतो ते मिळालं होतं, आणि मी जेवत होतो तो रिकाम्या ओटीकडं बघत.

*

निवड झाल्याचं पत्र आलं ते पेठे सरांनी तीनदा वाचलं आणि मला आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत म्हणाले, "वेल डन." म्हणाले आणि स्वतःच लाजले.

निघायचा दिवस. पोलादपूरहून दुपारची एस.टी. बाबांची काळी ट्रंक मला न्यायची होती. आईनं आदल्या दिवशीच भरून कुलूप लावलेलं. तीच ओटीवर होती. आईनं वडे-कोंबडी केली होती. बाबांनी ट्रंकेवर ताट मांडलं, डावीकडं काटा, उजवीकडं सुरी ठेवली, पंचा हातावर घेतला आणि म्हणाले, "बस."

मी म्हटलं, "आज तुम्ही बसा. मी वाढतो."

"मी कदी बसलो नाय रे."

आई म्हणाली, "बसा वो. पोर जातंय."

बाबा बसले. कसे बसले! पाठ ताठ, कोपर आत. मी पंचा हातावर घेतला. डावीकडून वाढलं. ते उजवीकडं कलले. पहिला वडा त्यांनी काट्यानं उचलायला घेतला आणि तो रश्श्यात पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. काटा धरता येत नव्हता त्यांना. मांडला होता हजारदा, पण कधी धरलाच नव्हता. मग काटा बाजूला ठेवून हातानं जेवले. सगळं जेवले, हाडंसुद्धा चोखून. ताट लख्ख झालं.

ट्रंक उचलायला चार गडी अंगणात येऊन उभे होते. त्यातला एक तोच, बांबूवाला. तो ओरडला, "हवालदार, आटपा! यष्टी जाईल!"

मी ताट उचलायला उजवीकडून पुढं झालो. बाबांनी हात पंच्याला पुसला, काटा उचलला, सुरी उचलली आणि रिकाम्या ताटात दोन्ही फाकवून ठेवली. समोर भिंतीकडं बघत बसून राहिले.

मी हात मागं घेतला. पंचा सारखा केला आणि त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो.

आई म्हणाली, "अरे, उचल की ताट! ट्रंक न्यायचीय. यष्टी सुटंल!"

मी म्हटलं, "कशी उचलू गो आये? साहेबांचं अजून झालं नाय."